दक्षता समितीवर नाव आलंय, पुढे काय?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वस्तीतल्या दोन तरुणांना जातीवरून मारहाण झाली. गुन्हा दाखल झाला. मग गावात शांतता बैठक झाली, तिथे 'दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्या' एवढंच सांगण्यात आलं. आता उपविभागीय दक्षता समितीवर अशासकीय सदस्य म्हणून माझं नाव गेलं आहे. तिथे जाऊन खरंच काही फरक पडतो का? पोलीस आणि महसूलने काय करावं हे ठरताना आमचं म्हणणं कसं पोहोचवायचं? गावात मुस्लिम घरं आहेत, डवरी गोसावी या भटक्या जमातीची पालं आहेत. त्यांना असा काही मार्ग आहे का?"

नाव गेलं असेल तर जरूर जा. फरक पडतो, पण तो बैठकीत केलेल्या भाषणाने पडत नाही. तुम्ही बोललेलं इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, उतरलं, त्यापुढे एखाद्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि मुदत लागली आणि पुढच्या बैठकीत त्याचा अनुपालन अहवाल टेबलावर आला, तर समाजाचं म्हणणं ऐकलं गेलं असं मी धरतो. बाकी सगळं चहापान. सातारा आणि सांगलीच्या सत्र न्यायालयांत ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत पीडितांच्या बाजूने मी वकील म्हणून उभा राहतो आणि मधली काही वर्षं जिल्हा समितीवर अशासकीय सदस्य होतो, त्या अनुभवावरून हे लिहितोय.

तुमची समिती कुणाच्या मेहेरबानीने बसलेली नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक) कायद्याखाली १९९५ चे नियम आहेत. त्यातल्या नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिच्यात खासदार-आमदार, पोलीस अधीक्षक, अनुसूचित जाती-जमातींतले तीन राजपत्रित अधिकारी, याच समाजांतले जास्तीत जास्त पाच अशासकीय सदस्य आणि स्वयंसेवी कामाशी संबंध असलेले इतर प्रवर्गांतले जास्तीत जास्त तीन जण असतात. सदस्य सचिव समाजकल्याणचे. प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती नियम १७-अ ने आली. तिथे अशासकीय जागा अनुसूचित जाती-जमातींच्या दोन आणि इतरांच्या दोन एवढ्याच. दोन्ही समित्यांनी तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं आहे. 'सदस्यांची वेळ जुळली नाही' हे कारण नियमात कुठेही नाही. बैठक झालीच नाही तर तेवढ्याच एका ओळीचं पत्र प्रांतांना द्या आणि आवक क्रमांक घ्या.

समितीचं काम काय, हेही नियमात स्पष्ट आहे: कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा, पीडितांचं अर्थसहाय्य आणि पुनर्वसन, खटल्यांची स्थिती, आणि जबाबदार अधिकाऱ्यांची भूमिका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कारण बैठकीत तुम्ही तोंड उघडलंत की 'हा तपासाचा भाग आहे, इथे चर्चा करता येणार नाही' असं ऐकायला मिळेल. त्यात अर्धं खरं आहे. कुणाला अटक करा, कुणाचं नाव घाला, कुणाचं काढा, हे समितीने सांगायचं नाही आणि सांगूही नये. पण साठ दिवसांत दोषारोपपत्र का गेलं नाही आणि उशिराचं लेखी कारण कुठे आहे, फिर्याद घ्यायला दोन दिवस का लागले, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक घटनास्थळी कधी गेले, हे सगळं विचारता येतं. तपास एका बाजूला आणि तपास करणाऱ्याचं वागणं दुसऱ्या बाजूला, ही रेघ तुम्ही स्वतः पाळलीत तर कुणी तुम्हाला गप्प करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष बैठक कशी चालते ते सांगतो. नोटीस बहुधा आदल्या दिवशी येते, हल्ली व्हॉट्सॲपवर. विषय क्रमांक एक: मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दोन: दाखल गुन्ह्यांचा आढावा. शेवटचा विषय: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. विषय दोनला एक तक्ता वाटला जातो. त्यात पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमं, 'पोलीस तपासावर', 'न्यायप्रविष्ट', 'अर्थसहाय्य मंजूर' असे रकाने. आकडे वाचले जातात, माना हलतात, पुढच्या बैठकीची तारीख 'नंतर कळवण्यात येईल'. इतिवृत्तात येतं, 'सदस्यांनी विविध मुद्द्यांवर चर्चा केली. सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी अशा सूचना देण्यात आल्या.' या वाक्यात कर्ता कोण, मुदत किती, काय करायचं? काहीच नाही. पुढच्या वेळी ते वाक्य एकमताने कायम होतं.

माणसं आपला विषय ऐनवेळच्या विषयांत टाकतात आणि तिथेच फसतात. तोवर अध्यक्षांना दुसऱ्या बैठकीला जायचं असतं. तुमचा मुद्दा आठवडाभर आधी सदस्य सचिवांकडे लेखी द्या, एक प्रत प्रांतांच्या आवकमध्ये. मुद्दा एका प्रकरणाचा असावा आणि एका कागदात दोन ओळींत बसावा. 'वस्तीतील दलितांवरील वाढते अन्याय' असा विषय दिलात तर उत्तरही तसंच मोघम येईल. त्याऐवजी, 'अमुक पोलीस ठाण्याच्या अमुक गुन्ह्यातील साक्षीदारांच्या विहिरीवरची मोटार आरोपीच्या नातेवाइकांनी बंद पाडली आहे, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी १५ दिवसांत अहवाल द्यावा.' बैठकीनंतर कच्चं इतिवृत्त मागा. तुमचं म्हणणं गाळलं असेल तर कायम करण्याच्या विषयावेळी दुरुस्ती सुचवा, आणि दुरुस्ती नाकारली तर 'नाकारली' हेही लिहून घ्या. बैठकीत आवाज चढवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. एका बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यबाईंनी अख्ख्या दोन तासांत तीनच वाक्यं बोलली, पण प्रत्येक वेळी 'साहेब, हे लिहून घ्यायला सांगा' असं जोडलं. त्या दिवशीच्या इतिवृत्तात सगळ्यात जास्त मजकूर त्यांचा होता.

तक्त्यावर एक प्रश्न नेहमी विचारा: मंजूर झालेलं अर्थसहाय्य खात्यावर कधी जमा झालं? मंजूर आणि जमा यांत महिनोन्‌महिने जातात. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे ही रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि ती टप्प्याटप्प्याने द्यायची आहे. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात एक लाख: पाव भाग गुन्हा दाखल झाल्यावर, निम्मा दोषारोपपत्रावर, उरलेला शिक्षेनंतर. खुनात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्रावर. तातडीची मदत सात दिवसांत देण्याचंही नियम १२ सांगतो. अडतं कशावर? जातीच्या दाखल्यावर, बँक खात्याच्या आधार जोडणीवर, आणि 'निधी प्राप्त नाही' या शेऱ्यावर. पहिले दोन अडथळे तुमच्या वस्तीतली शिकलेली पोरं दोन दिवसांत दूर करू शकतात. तिसरा मात्र इतिवृत्तात घेऊन वरच पाठवावा लागतो. आणखी एक गोष्ट कुणी मागतच नाही: नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदार यांना कोर्टात येण्याजाण्याचं भाडं आणि किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक भत्ता मिळतो. जतहून सांगलीला तारखेला येणाऱ्या मजुराची एक रोजंदारी बुडते. तीन तारखा बुडाल्या की चौथ्या तारखेला तो येत नाही, आणि मग सगळे म्हणतात, साक्षीदार फितूर झाला.

समितीच्या बाहेरची दोन ठिकाणं मी समितीपेक्षाही महत्त्वाची मानतो.

पहिलं ठिकाण, फिर्याद लिहिली जाते ते टेबल. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची आणि प्रत लगेच द्यायची. वाचून दाखवताना कान टवकारून ऐका. ठाणे अंमलदार सवयीने लिहितात, 'जातिवाचक शिवीगाळ केली'. नेमके शब्द काय होते, ते कुठे उच्चारले, समोर कोण उभं होतं, हे लिहिलेलं नसतं. कोर्टात सगळा खटला तिथेच अडतो. अपमानाच्या कलमाला तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, कुणी तिऱ्हाईत नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा 'दूध संकलन केंद्रासमोर, सकाळी, कॅन घेऊन उभ्या असलेल्या अमुक-अमुक यांच्यासमोर' हे फिर्यादीतच यायला हवं. शिवी उच्चारायला बाईमाणसाला लाज वाटते, हवालदाराला लिहायला कंटाळा. दोघांच्या मध्ये बसून शब्दन्‌शब्द लिहून घेणारं कुणीतरी वस्तीकडून हवं. कायद्यात त्यालाही जागा आहे: कलम १५-अ खाली पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ता किंवा वकील यांची मदत घेता येते. तेव्हा 'तुम्ही बाहेर थांबा' म्हटलं की हे कलम नम्रपणे दाखवा. नम्रपणे, कारण तोच हवालदार पुढे साक्षीला यायचा असतो.

दुसरं ठिकाण, जामिनाची सुनावणी. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं हेच कलम १५-अ पीडिताला जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर आधी सूचना मिळण्याचा आणि बाजू मांडण्याचा हक्क देतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना देणं बंधनकारक आहे असं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात काय होतं? तारखेच्या आदल्या रात्री हवालदाराचा फोन येतो, 'उद्या जामीन आहे, येऊन सही करून जा.' ही सूचना नव्हे. जामीन मिळावा की न मिळावा हे कोर्ट ठरवेल; पण आरोपी सुटला तर त्याने गावात राहायचं की तालुक्याबाहेर, हजेरी कुठल्या ठाण्यात द्यायची, वस्तीच्या रस्त्याने जायचं की नाही, याबद्दल ज्यांना त्याच्या शेजारी राहायचं आहे त्यांचं म्हणणं अटींमध्ये उतरू शकतं. मी पाहिलंय, पीडितेने स्वतः दोन वाक्यं सांगितली की न्यायाधीश अटी बदलतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि जातीय अत्याचाराच्या पीडिताला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुमच्या गावातल्या 'समजुतीने घ्या' बैठकीबद्दल थोडं कडक बोलतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील आपल्या तासगाव तालुक्यातलेच. बांधाच्या, भावकीच्या भांडणांत तिने चांगलं काम केलं, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण जातीवरून केलेली मारहाण हा तंटा नव्हे आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा गावच्या पारावर मिटवता येत नाही. पार ज्यांचा, समजूत त्यांचीच. तिथे गप्प बसलेल्या माणसाची संमती धरली जाते. शांतता बैठकीला जायला हरकत नाही, पण कोऱ्या कागदावर किंवा हजेरीच्या नावाखाली सही करू नका. त्या सह्या पुढे 'उभय पक्षांत समेट झाला' म्हणून जोडलेल्या मी पाहिल्यात.

गुन्हा मागे घेतला नाही की बहिष्कार सुरू होतो, आणि तो कुणी जाहीर करत नाही. द्राक्षबागेची छाटणी लागलेली असते, पण तुमच्या टोळीला बोलावणं येत नाही. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटलाय. ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल संपलेलं असतं. हे ॲट्रॉसिटी कायद्यातही येतं, शिवाय महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो आला तो जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या माणसांनी उघडपणे तोंड उघडल्यामुळे, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यांच्या मागे होती. बहिष्कार सिद्ध करायला रोजची वही लागते: तारीख, कुणाकडे गेलो, काय उत्तर मिळालं, सोबत कोण होतं. वही वस्तीतल्या बायकांकडे द्या. गिरणीत, दुकानात, मजुरीच्या टोळीत नकार पहिल्यांदा त्यांनाच ऐकावा लागतो, आणि समितीत मात्र त्यांचं कुणी नसतं.

इथे समाजाच्या आवाजाबद्दल मला एक गोष्ट बजावून सांगायची आहे. समाजाचं म्हणणं आणि पीडिताचं म्हणणं नेहमी एक नसतं. नेत्यांना मोर्चा हवा असतो, पोराच्या आईला पोराची परीक्षा नीट पार पाडायची असते. अशा वेळी आईचं ऐका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेचं नाव फ्लेक्सवर छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, मग फ्लेक्स कितीही सहानुभूतीचा असो. आणि जिल्हा समितीवर पाच जागांवर पाचही पुरुष, पाचही तालुक्याच्या गावचे, पाचही एकाच जातीचे असतील, तर मातंग, होलार, पारधी वस्त्यांचं काय चाललंय ते तिथे कुणाला कळणार?

लोकांना सनदशीर मार्ग बंद वाटला की काय होतं, ते आपण २०२३ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला पाहिलं. डॉ. आंबेडकरांच्या नावाची कमान पाडली गेली आणि वस्तीतली कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या दिशेने चालत निघाली. मिरजेत प्रांत आहेत, सांगलीत जिल्हाधिकारी. तरी दाद मागायला मंत्रालय गाठावं असं माणसांना वाटलं.

मुस्लिम आणि भटक्या कुटुंबांबद्दल. त्यांना ॲट्रॉसिटी कायदा लागू नाही, म्हणून दक्षता समितीही नाही. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे आणि आपल्याकडे विमुक्त जातीत, तेव्हा नागपूरकडच्या कैकाड्याला जो कायदा आहे तो विट्याच्या कैकाड्याला नाही. डवरी गोसाव्यांवर काय वेळ येते ते जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात दिसलं: मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जण मारले. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयाने मारहाण झाली.

त्यांच्यासाठी मार्ग आहे, पण तो विस्कळीत आहे. तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये सांगितलं की जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल (या कामासाठी खास नेमलेला) अधिकारी असेल, तो महिन्यातून किमान एकदा ठाणेदारांसह बैठक घेईल, अंतरिम मदत ३० दिवसांत मिळेल आणि जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडिताच्या कुटुंबाचं ऐकलं जाईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. चिथावणीच्या भाषणाबाबत तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतः गुन्हा दाखल करावा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लागू केला. कमी आहे ती एकच गोष्ट: या सगळ्यात समाजातल्या माणसांसाठी नियमाने ठेवलेली खुर्ची. म्हणून तुम्ही सदस्य झालात की प्रांतांना सुचवा, पालांवरच्या आणि मोहल्ल्यातल्या दोघांना निमंत्रित म्हणून बोलवावं. बंधन नाही, पण मनाईही नाही.

पोलीस ठाण्याची शांतता समिती आहेच, पण तिच्यातल्या माणसांचं वय पाहा. गणपती आणि मोहरमच्या आधी ठाण्यात बैठक होते, तिथे पक्षांचे नगरसेवक, ट्रस्टचे अध्यक्ष, साठीतली माणसं. २००९ ला मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. सप्टेंबर २०२३ ला खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर गेला, एका तरुणाचा जीव गेला, सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. चौदा वर्षांत ठिणगी कमानीवरून मोबाइलवर आली आणि समितीतली माणसं तीच राहिली. भिवंडीत सुरेश खोपडे यांनी पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या बांधल्या, तेव्हा पुढाऱ्यांना बाजूला ठेवून दोन्ही समाजांतली साधी माणसं बीटच्या पोलिसाबरोबर बसवली. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन असलेली विशीतली मुलं, मोबाइल दुरुस्तीवाला, शाळेतली बाई, बीट अंमलदार, एवढी माणसं महिन्यातून एकदा बसली तरी ठाण्याला रात्री दहा वाजता कुणाला फोन करायचा ते कळेल.

ब्रिटनमध्ये एक पद्धत आहे, ती आपल्याकडे आणावी असं मला फार वाटतं. तिथला सरकारी वकील विभाग निकाली निघालेल्या द्वेषाच्या गुन्ह्यांच्या फायली, नावं झाकून, स्थानिक समाजांतल्या लोकांच्या गटापुढे ठेवतो आणि काय चुकलं ते विचारतो. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाच्या १९९३ च्या खुनाच्या तपासातल्या ढिलाईवर १९९९ चा मॅकफर्सन अहवाल आला, त्यानंतर तिथली यंत्रणा अशी लोकांपुढे उघडी होत गेली. निकाली प्रकरण असल्याने तपासात ढवळाढवळ होत नाही. आपली जिल्हा समिती हे आजच्या नियमांतच करू शकते, कारण खटल्यांचा आढावा तिच्या कामातच आहे. वर्षातून तीन निर्दोष सुटलेले खटले घ्या आणि विशेष सरकारी वकिलांना विचारा, साक्ष कुठे ढासळली? उत्तर बहुधा फिर्यादीच्या पहिल्या पानावर सापडेल.

तुमच्या दोन तरुणांपुरतं, या आठवड्यात करायच्या गोष्टी. फिर्यादीची प्रत घेतली नसेल तर घ्या, ती मोफत आहे. गुन्हा दाखल झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, साठावा दिवस खुणेने ठेवा आणि तपास अधिकाऱ्यांकडे प्रगती लेखी मागा; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे ९० दिवसांत ती कळवणं त्यांना भागच आहे. पैशांसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातीचे दाखले आणि पासबुकाच्या झेरॉक्ससह अर्ज द्या. कुणी धमकावलं तर ११२, आणि ठाण्यात दाद लागत नसेल तर १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मागच्या वर्षभरातल्या उपविभागीय समितीच्या इतिवृत्तांच्या प्रती माहिती अधिकारात आजच मागा. नेमणुकीचं पत्र येईपर्यंत त्या हातात येतील, आणि पहिल्या बैठकीत विषय क्रमांक एकवरच तुम्हाला बोलता येईल.